दोर कोणाच्या हाती

पाणी आटू लागले म्हणजे साऱ्या गावाचा जीव टांगणीला लागतो. विहिरी खोदणाऱ्यांना मात्र नेमके त्याच सुमारास बरे दिवस येतात. ही गोष्ट उघडपणे कोणी बोलत नसे, आणि मुकादम तर मुळीच बोलत नसे. तथापि त्या वर्षी थंडी पुरती सरलीही नव्हती तोच त्याच्या टोळीला तीन ठिकाणची बोलावणी आली, तेव्हा त्याचे समाधान काही केल्या लपले नाही, आणि ते पाहून त्याच्या बायकोने हंडा जरा जोरातच खाली ठेवला.

"हसा," ती म्हणाली. "दोन तास ओळीत उभी राहिले. एक हंडा. तोही गढूळ."

"मी कुठे हसलो?"

"मिशीत हसलात. मला दिसत नाही होय?"

मुकादम बेचाळीस वर्षांचा, आडव्या हाडाचा मनुष्य होता. पंचवीस वर्षे पहार आणि दोर धरल्यामुळे त्याच्या हातांची बोटे पूर्ण सरळ होत नसत. झोपेतसुद्धा ती काहीतरी पकडून ठेवल्यासारखी वाकलेली असत. सुरुंगांच्या आवाजाने डावा कान निकामी झाला होता, यास्तव बायको नेहमी त्याच्या उजव्या बाजूला बसून भांडत असे. मुलगी सासरी गेली होती. घरात तिसरे माणूस म्हणजे त्याची थोरली भावजय. ती थोडे बोले आणि पुष्कळ काम करी.

त्यांच्या अंगणात दोन खांबांना एक जाडजूड दोर बांधलेला होता आणि त्यावर घरातले कपडे वाळत. कपड्यांसाठी एवढा जाड दोर कोणी बांधत नाही. परंतु टोळीची एक जुनी रीत होती, की ज्या दोरावर माणूस गेला, तो दोर पुन्हा विहिरीवर चढवायचा नाही. तो त्या माणसाच्या घरी पोचवायचा. अठरा वर्षांपूर्वी मुकादमाचा थोरला भाऊ दोर तुटून विहिरीच्या तळाच्या खडकावर पडला, तेव्हा तो दोर या घरी आला. पंधरा दिवस तो कोपऱ्यात पडून होता. सोळाव्या दिवशी भावजयीने उठून तो स्वतःच्या हाताने खांबांना बांधला आणि त्यावर नवऱ्याचे धुतलेले कपडे वाळत घातले. मुकादम त्या दोराखालून वाकून जात असे. त्याने त्याला हात लावलेला कोणी पाहिला नव्हता.

गावाच्या अध्यक्षपदाची निवडणूक बारा दिवसांवर आली होती. उमेदवार दोघे. एक जुने अध्यक्ष. त्यांनी ती खुर्ची तीन वेळा भूषविली होती आणि तरुणपणी दोन हंगाम याच टोळीत कामही केले होते. कोणत्या कचेरीतला कोणता कारकून किती वाजता चहा पितो, कोणाच्या आईचे गुडघे दुखतात, कोणाला नमस्कार पुरतो आणि कोणाला पुरत नाही, हे सर्व त्यांना मुखोद्गत होते.

दुसरा उमेदवार मोजणीदार. जमिनी मोजण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला, बारीक अंगाचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेला. गेली सहा वर्षे दर आठवड्याला तो गावच्या पिण्याच्या विहिरीत दगड बांधलेली सुतळी सोडी, पाणी किती खाली गेले ते पाही, आणि पायऱ्यांनी उतरून आतल्या भिंतीवर चुन्याची एक आडवी रेघ ओढी. त्या रेघा एकीखाली एक अशा खाली खाली गेल्या होत्या. गावातली टवाळ मंडळी त्यांना मोजणीदाराची शिडी म्हणत. पाणी भरायला आलेल्या बायका मात्र शिडी म्हणताना हसत नसत.

प्रचारासाठी मोजणीदार भर दुपारी टोळीच्या कामावर आला. तिथे एका शेतातली विहीर चाळीस हात खोल गेली होती. टोळीतले दहा जण झाडाखाली जेवून बसले होते.

"या, मोजणीदार," बुटका म्हणाला. हा टोळीतला सर्वांत हलका गडी. अरुंद जागी नेहमी त्यालाच उतरवीत, आणि त्याच्या तोंडाला कधी कुलूप नसे. "काय मोजायला आलात? आमची पोटं?"

"मतं मागायला आलोय," मोजणीदार सरळ म्हणाला. "पण आधी सांगून टाकतो. मी निवडून आलो तर पिण्याच्या विहिरीपासून पाचशे पावलांच्या आत कोणालाही नवी विहीर खोदू देणार नाही. मग तो कितीही मोठा असो."

मुकादम उजवा कान पुढे करून म्हणाला, "म्हणजे आमच्याच पोटावर पाय."

"पाणी वरून वेगवेगळं दिसतं, मुकादम. खाली ते एकच आहे. ज्याचा दोर लांब त्याचं पाणी, असं चाललंय आपल्याकडे. हे चुकीचं आहे, एवढंच माझं म्हणणं."

"आणि आम्ही खायचं काय?"

"गावात सात जुन्या विहिरी बुजलेल्या आहेत. त्यांचा गाळ काढायचं काम तुम्हाला द्यावं, असा ठराव मी मांडीन."

"मंजूर होईल?"

मोजणीदाराने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ते सांगता येत नाही. मी कधी खुर्चीवर बसलेलो नाही. प्रयत्न करीन."

तो निघून गेल्यावर बुटका म्हणाला, "माणूस सरळ आहे. इतका सरळ, की कुठल्या कचेरीच्या दारातून आत जायचा नाही. दारं सगळी वाकडी."

त्याच संध्याकाळी जुने अध्यक्ष मुकादमाच्या घरी आले. ते ओट्यावर बसले, बायकोने दिलेला चहा त्यांनी तोंडभर वाखाणला, भावजयीची चौकशी केली, आणि मग हळूच म्हणाले, "मुकादम, माझ्या व्याह्यांच्या मळ्यात मोठी विहीर काढायचीय. सत्तर हात. पाऊस पडेपर्यंत तुझी टोळी रिकामी बसणार नाही."

व्याह्यांचा मळा पिण्याच्या विहिरीला लागून होता. हे मुकादमाला ठाऊक होते, आणि ते त्याला ठाऊक आहे, हे अध्यक्षांनाही ठाऊक होते.

"गावच्या विहिरीचं पाणी ओढलं जाईल, साहेब."

"अरे, गावची विहीर आधी खोल करू! आधी गावाची, मग व्याह्यांची. असली कामं मंजूर कशी करून आणायची, हे तू मला विचार. त्या मोजणीदाराला विचारशील तर तो तुला रेघ ओढून दाखवील."

ते गेल्यावर चुलीपाशी बायको म्हणाली, "माझं ऐकणार असाल तर मोजणीदार."

"का?"

"सहा वर्षं झाली. पाणी बघायला दुसरं कोण आलं? अध्यक्षांच्या घरी त्यांची स्वतःची विहीर आहे. त्यांना आमच्या हंड्याचं काय?"

"विचार त्याचा चांगलाच आहे गं. मी कुठे नाही म्हणतोय? पण विचाराने काम होत नाही. हाताला सवय लागते. उद्या मी कोणी पुस्तकी माणूस दोरावर उभा केला आणि खाली उतरलो, तर तू काय म्हणशील?"

"तुमच्या डोक्यात दोराशिवाय दुसरं काही येतच नाही."

त्याच्या डोक्यात खरोखरच दुसरे काही आले नाही. आणि पुढे जे घडले त्याचे मूळ यातच आहे. टोळीत नवा माणूस घ्यावयाचा झाला, की त्याच्या हाती दोर देऊन मुकादम स्वतः फळीवर बसे. नव्या माणसाने त्याला वीस हात खाली सोडायचे, टोळी शंभर आकडे मोजेपर्यंत तिथे तोलून धरायचे, आणि मग सर्वांनी मिळून वर घ्यायचे. आजवर या कसोटीने निवडलेल्या माणसाने टोळीला दगा दिला नव्हता. टोळीतल्या घरांची एकवीस मते नेहमी एका बाजूला पडत, आणि ती बाजू मुकादम ठरवी. एवढी जोखीम डोक्यावर असलेल्या मनुष्याने जी कसोटी आपणास उत्तम अवगत आहे तीच लावावी, हे त्याला सर्वथैव न्यायाचे वाटले.

दुसऱ्या दिवशी दोघांनाही निरोप गेले. दोघेही आले. अध्यक्षांना गंमत वाटली. मोजणीदाराला काय वाटले ते त्याच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

चाळीस हात खोल विहिरीच्या काठावर ऊन रणरणत होते. कप्पीवरून आलेला दोर धरणाऱ्याने कमरेमागून घ्यायचा आणि पाय अडणीच्या दगडाला रोवायचा, अशी पद्धत होती. अध्यक्षांनी बाह्या सारल्या, तळहातावर थुंकी घेतली, आणि कालच काम सोडून गेल्यासारखे दगडाला पाय लावून उभे राहिले. मुकादम खाली गेला. वरून अध्यक्षांचा आवाज आला, "वजन वाढलंय रे तुझं! घरी लाड चाललेत वाटतं!" टोळी खिदळली. शंभर आकडे झाले. दोर दगडात रोवल्यासारखा स्थिर होता. मुकादम वर आला तेव्हा अध्यक्षांच्या कपाळावर घामसुद्धा नव्हता.

मग मोजणीदार पुढे आला.

"अडणीला डावा पाय लावायचा की उजवा?"

"दोन्ही लावा, म्हणजे तुम्ही आधी खाली जाल," बुटका म्हणाला, आणि हसण्याचा एकच कल्लोळ झाला.

मोजणीदाराने उजवा पाय लावला. दोर सोडताना तो सवयीने मोठ्याने हात मोजू लागला. "सात. आठ. नऊ." मुकादम फळीवर बसून खाली जात होता. वर आकाशाचा गोल तुकडा लहान होत गेला, आणि अंगाला खडकाचा गारवा लागला. वीस हातांवर फळी थांबली. टोळीने आकडे मोजायला सुरुवात केली. दहा. वीस. पन्नास. दोर किंचित थरथरत होता. मुकादमाच्या पाठीतून घामाची एक धार निघाली.

साठाव्या आकड्याला मोजणीदाराचा आवाज आला. हात मोजताना होता तसाच तो होता. त्यात ना भीती होती, ना लाज.

"माझे हात भरून आले. अजून एक जण दोराला या. आत्ता या."

"चाळीसच राहिलेत, मोजणीदार!" बुटका ओरडला. "तेवढ्यात मुकादम काय म्हातारा होतोय?"

पुन्हा हशा पिकला. कोणीतरी दोराला हात लावला. फळी जिथल्या तिथे राहिली. हिसका कसा तो बसला नाही.

परंतु खाली अधांतरी लोंबकळणाऱ्या मुकादमाने दोन्ही हातांनी दोर आवळून धरला आणि वर पाहिले. त्याला काठावर मोजणीदाराच्या जागी चोवीस वर्षांचा एक तरुण दिसू लागला. तो तरुण असाच अडणीला पाय लावून एकटा उभा होता. बाकीचे दोघे झाडाच्या सावलीत जेवायला बसले होते. खाली, तीस हातांवर, फळीवर त्याचा थोरला भाऊ बसून खडकाच्या भेगेत पहार घालीत होता. तरुणाचे हात भरून आले होते. "अजून एक जण या" हे शब्द त्याच्या गळ्यापर्यंत आले होते. पण त्या दोघांनी आदल्याच आठवड्यात त्याच्या हातांना लोण्याचे हात म्हटले होते, आणि पोट धरधरून हसले होते. अजून दहा आकडे काढू, असे त्याने ठरविले. सातव्या आकड्याला दोर त्याच्या तळहातातून निखाऱ्यासारखा सरसरत गेला. मग खालून एकच आवाज आला. सावलीतले दोघे धावत येण्यापूर्वी त्याने विळ्याने दोर कापला, आणि "दोर तुटला! दोर तुटला!" म्हणून टाहो फोडला. त्या दिवसापासून आजतागायत त्याने ते कोणालाही सांगितले नव्हते.

मुकादमाला वर घेतले. टोळी अजून हसत होती. मोजणीदाराच्या दोन्ही तळव्यांची सालटी निघून रक्त आले होते आणि तो ते रुमालाने टिपत होता.

"काय, मुकादम?" अध्यक्षांनी विचारले.

त्या क्षणी मुकादमाला सत्य बोलता आले असते. आपल्या धंद्यात हात भरून आल्याचे वेळेवर सांगणारा मनुष्यच खरा दोरावरचा मनुष्य, हे त्या दहा जणांत त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. परंतु जे शब्द उच्चारण्याचे धैर्य आपल्याला झाले नाही, ते दुसऱ्याने इतक्या सहजपणे उच्चारावेत, हे त्याला सहन झाले नाही. तोही हसला.

"ज्याला दोर धरवत नाही," तो म्हणाला, "तो गाव काय धरणार?"

मोजणीदाराने मान हलविली. "बरोबर आहे. ताकद कमीच आहे मला. म्हणून तर हाक मारली." रक्ताळलेला रुमाल खिशात घालून तो शेताच्या बांधाने निघून गेला.

संध्याकाळी बुटक्याने हा सारा प्रसंग हातवारे करून मुकादमाच्या अंगणात सांगितला. बायको एकदाही हसली नाही. भावजय दोरावरचे कपडे काढीत होती. तिने पाठ न वळवताच विचारले,

"हिसका बसला का, भाऊजी?"

"काय म्हणालात?"

"मोजणीदारांचे हात भरून आले तेव्हा. दोराला हिसका बसला का?"

"नाही, वहिनी."

तिने कपड्यांची घडी केली आणि आत निघून गेली.

मतदान झाले. बायकोने परत आल्यावर एवढेच सांगितले, की माझं मी दिलं. कोणाला दिले ते तिने सांगितले नाही आणि त्याने विचारले नाही. जुने अध्यक्ष तेरा मतांनी निवडून आले. टोळीच्या एकवीस मतांनी काय केले, हे कळायला गणित शिकावे लागत नव्हते. मिरवणुकीत अध्यक्षांनी मुकादमाच्या खांद्यावर हात टाकला, तेव्हा त्याची छाती फुगली होती, हे लपविण्यात अर्थ नाही. त्याच वेळी मोजणीदार पिण्याच्या विहिरीच्या पायऱ्या उतरून, दोन्ही तळव्यांना फडकी बांधलेल्या हातांनी, त्या आठवड्याची रेघ ओढीत होता.

आठ दिवसांनी मुकादम अध्यक्षांच्या कचेरीत गेला. त्याला पाऊण तास बाकावर बसवून ठेवण्यात आले. पूर्वी अध्यक्ष त्याच्या ओट्यावर येऊन बसले होते. आता मधे एक शिपाई होता.

"गावच्या विहिरीचं काम कधी धरायचं, साहेब?"

"मंजुरी यायचीय रे. कागद पुढे गेलाय. तोवर टोळी बसवून ठेवतोस? व्याह्यांचं सुरू कर."

"पण आधी गावाची म्हणाला होतात."

"म्हणालो होतो ना? मग होणारच." अध्यक्षांनी घंटी वाजविली आणि शिपाई दुसऱ्या कोणाला तरी आत घेऊन आला.

व्याह्यांच्या मळ्यात आखणी झाली तेव्हा मोजणीदार आपली जुनी साखळी घेऊन बांधावर आला होता. त्याने पिण्याच्या विहिरीपासून अंतर मोजले. "एकशे दहा पावलं," तो म्हणाला, आणि याहून एक अक्षरही न बोलता साखळी गोळा करून गेला. त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर मुकादमाला बरे वाटले असते.

मग अडीच महिने ते काम चालले. वरची माती चार दिवसांत संपली, नंतर मुरूम लागला, आणि पंधरा हातांवर काळा खडक. सकाळी पहारीने भोके पाडायची, दुपारी सुरुंग उडवायचे, धूर बसला की फुटलेला दगड घमेल्यांत भरून वर ओढायचा. ऊन इतके कडक झाले, की काठावर ठेवलेली पहार उघड्या हाताने उचलता येईना. माणसे फडकी गुंडाळून काम करीत. पन्नास हातांखाली हवा जड झाली. बुटक्याला खोकला जडला. त्याच्या विनोदांची वाक्ये अर्ध्यावर तुटू लागली. मुकादमाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या येत, आणि जेवताना घास निसटे. तो ते घरी कोणाला दिसू देत नसे.

"माझं मत वाया नाही गेलं," बुटका एकदा खोकत म्हणाला. "अध्यक्षांनी आपल्याला खोल नेलं. कबूल केलं होतं त्याहून खोल."

अडुसष्ट हातांवर पाणी लागले. पूर्वेच्या भिंतीतल्या एका भेगेतून मनगटाएवढी धार सुटली. गावची विहीर त्याच दिशेला होती. वर काठावर आरोळ्या उठल्या. व्याह्यांनी पेढ्यांचा पुडा फोडला. खाली बुटक्याने ओंजळ भरली, एक घोट घेतला, आणि तो तसाच तोंडात धरून मुकादमाकडे पाहू लागला.

गावच्या पिण्याच्या पाण्याला लोखंडासारखी किंचित तुरट चव होती. बाहेरून आलेला पाहुणा तोंड वाकडे करी; गावाच्या मात्र ती जिभेवर बसलेली होती. मुकादमानेही ओंजळ भरली. तीच चव.

"मुकादम," बुटका हळू आवाजात म्हणाला, "हे तर आपल्याच हंड्यातलं आहे."

"खोद," मुकादम म्हणाला.

अकरा दिवसांत गावची विहीर आटली. पायऱ्या जिथे संपत त्याच्या खाली वीस हात ओलसर खडक, आणि तळाशी घागर बुडणार नाही एवढे डबके. बायकांनी कचेरीवर रिकामे हंडे नेले. अध्यक्ष अजिबात डगमगले नाहीत. त्यांनी सर्वांना सावलीत बसविले, दोन ठिकाणी दूरध्वनी केले, आणि तिसऱ्या दिवशी टँकर आणून दाखविला. "असं काम करून घ्यायला अनुभव लागतो," ते म्हणाले, आणि ते खोटे नव्हते. टँकर आठवड्यातून एकदा येई. मंजुरीचा कागद पुढेच गेलेला होता.

मधल्या सहा दिवसांसाठी तळातले पाणी वाट्यांनी खरवडून काढण्याखेरीज बायकांना उपाय उरला नाही. पायऱ्यांपुढे उतरायचे तर दोर पाहिजे, म्हणून एका सकाळी मुकादम टोळीचा दोर, कप्पी आणि फळी घेऊन विहिरीवर गेला. त्याला कोणी बोलावले नव्हते. ओळीतल्या बायकांनी त्याला वाट करून दिली, पण एकीनेही त्याच्याकडे मान वर करून पाहिले नाही. त्याची स्वतःची बायको हंडा घेऊन नवव्या जागी उभी होती. काठावर मोजणीदार सुतळीची गुंडाळी हातात धरून उभा होता. सुतळीचा दगड तळाला टेकला होता आणि नुसता चिखल लागून वर आला होता.

"मी जाते," भावजय म्हणाली. "माझंच वजन कमी आहे."

ती फळीवर बसली. टोळीतले चौघे मागे उभे होते. परंतु मुकादमाने एकट्यानेच दोर कमरेमागून घेतला आणि दगडाला पाय रोवला. इतक्या बायकांपुढे आपल्या भावजयीला एकट्याने खाली सोडणे हा त्याच्या उरल्यासुरल्या मानाचा प्रश्न होता. दहा हात. वीस. तीस. खाली ती फळीवरूनच वाकून वाटीने पाणी भरू लागली. तळाचा चिखल पाय ओढून घेत होता म्हणून तिला उतरता येत नव्हते. वाटी खडकावर घासल्याचा आवाज वर येत होता. हंडा भरायला वेळ लागत होता.

आधी उजव्या हाताची ती दोन बोटे गेली. मग मनगट. दोर तळहातावर आहे की नाही, हे त्याला डोळ्यांनी पाहावे लागू लागले. त्याच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. मागे चौघे होते, पुढे तीस बायका होत्या, समोर मोजणीदार होता. अजून दहा आकडे काढू, असे मनात आले, आणि तो विचार त्याने ओळखला.

"माझे हात भरून आले," तो म्हणाला. मग मान मागे वळवून मोठ्याने म्हणाला. "अजून एक जण या. आत्ता या."

सर्वांत आधी मोजणीदाराने दोर धरला. मग बुटक्याने, मग इतरांनी. ज्या हसण्याला तो अठरा वर्षे भीत आला होता, ते हसणे आलेच नाही. कोणाला ती मोठी गोष्ट वाटलीच नव्हती.

भावजय वर आली. हंड्यात चार बोटे तांबूस पाणी होते. तिने हंडा काठावर ठेवला, पायांचा चिखल झटकला आणि त्याच्याजवळून जाताना, त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूने, म्हणाली, "हिसका नाही बसला, भाऊजी."

दुपारी तो अंगणात हात पसरून बसला होता. बायको पाणी गाळीत होती. एका फडक्यातून, मग त्याच फडक्याच्या घडीतून. भावजय बाहेर आली, आणि खांबाला बांधलेल्या त्या जाड दोराच्या गाठी सोडू लागली. गाठी घट्ट बसल्या होत्या. तिने दात लावले.

"काय करताय, वहिनी?"

"कपडे धुवायला पाणी कुठे आहे? रिकामा कशाला ठेवायचा?" दुसरी गाठ सुटली. ती दोराचे वेटोळे करीत त्याच्यापाशी आली. "गावची विहीर अजून खाली जाईल. टोळीचा दोर पुरायचा नाही. हा जोडून घ्या."

"हा दोर विहिरीवर चढवत नाहीत."

"माणूस दोर तुटून गेला असेल, तर नाही चढवत." तिने दोराचे एक टोक त्याच्या मांडीवर ठेवले. "तुटलेल्या दोराला काथ्या सुटतो, भाऊजी. आपल्या घरात सारखे दोर वळतात आणि तुटतात, मला कळत नाही होय? हे टोक बघा. अठरा वर्षं मी याला गाठ मारतेय."

ते टोक सपाट होते. विळ्याने एका घावात कापलेले. वरचा काथ्या उन्हाने पांढरा पडला होता, पण एकही धागा सुटला नव्हता.

बायकोचे हात फडक्यावर थांबले. तिने एकदा जावेकडे पाहिले, एकदा त्याच्याकडे.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" तो म्हणाला.

"जायचं कुठे होतं मला? याच घरात राहायचं होतं." तिने पदराने तोंड पुसले. "वाटलं, एवढी किंमत देऊन शिकलात तरी. दुसऱ्याने हाक मारली तर ओळखाल. त्या दिवशी मोजणीदारांना हसून आलात, तेव्हा कळलं, तेही फुकटच गेलं."

ती आत गेली. मुकादमाने दोर घेतला. वाकलेल्या बोटांना तो बरोबर बसला. संध्याकाळपर्यंत तो ते सपाट टोक टोळीच्या दोराला जोडीत बसला होता. आणि दोन बोटांत जीव नसल्यामुळे गाठ पुनःपुन्हा सुटत होती.